‘निघालो’ म्हणजे नेमकं कधी? ‘टेक ऑफ’चं एक प्रकरण

फोनवर ‘निघालो’ असं सांगणारा माणूस त्या क्षणी कुठे असतो, हे आपल्याला अनुभवाने कळतं. बहुधा तो अजून चप्पल शोधत असतो. ‘निघालोच’ म्हणाला, तर आंघोळ व्हायची आहे असं धरून चालावं. रूप भूतकाळाचं, घटना मात्र अजून घडायची. तरी त्याला कुणी खोटारडा म्हणत नाही, कारण ऐकणाऱ्याच्या डोक्यातही तेच कोष्टक असतं. पंचाईत होते ती दोघांची कोष्टकं वेगळी निघाली की.

इंग्रजीतली फ्रेझल व्हर्ब, म्हणजे ‘ऑफ’सारखा शब्द जोडून अर्थ बदलणारी क्रियापदं, शिकवताना मी एकट्या ‘टेक ऑफ’वर अख्खा तास घालवतो. आपल्याकडे या क्रियापदांच्या याद्या पाठ करायची पद्धत आहे. टेक ऑफ म्हणजे बूट काढणे, टेक ऑफ म्हणजे विमानाने उडणे, मध्ये ‘अ डे’ घातलं की रजा घेणे, धंदा टेक ऑफ झाला म्हणजे जोरात चालू लागला. याद्या बरोबरच असतात, माझं त्यांच्याशी भांडण नाही. पण मी सांगतो त्या विमान अपघाताच्या प्रकरणात ‘टेक ऑफ’चा अर्थ माहीत नाही असा एकही माणूस नव्हता. सगळ्यांच्या तोंडात तो शब्द रोज असायचा. तरीही त्या दिवशी ५८३ माणसं गेली, आणि चौकशी करणाऱ्यांना त्या एका शब्दावर बराच वेळ थांबावं लागलं.

तारीख २७ मार्च १९७७, वार रविवार. आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यासमोर स्पेनच्या ताब्यातली कॅनरी बेटं आहेत. त्यांतल्या ग्रान कनारिया बेटावरच्या लास पाल्मास विमानतळावर फुलांच्या दुकानात फुटीरतावाद्यांनी ठेवलेला बॉम्ब फुटला. दुसऱ्या बॉम्बची धमकी आल्यावर विमानतळ बंद झाला आणि तिकडे निघालेली विमानं शेजारच्या टेनेरिफे बेटावर, लॉस रोदेओसला वळवण्यात आली. हा विमानतळ लहान. धावपट्टी एकच, जमिनीवरची विमानं दाखवणारं रडार नाही, आणि रविवार असल्यामुळे विमानांना सूचना देणाऱ्या मनोऱ्यात दोनच नियंत्रक. समुद्रसपाटीपासून सहाशेहून अधिक मीटर उंचीवर असल्याने तिथे ढग डोक्यावरून जात नाहीत, धावपट्टीवरून चालत जातात. महाबळेश्वरच्या जुलैत आपण जे बघतो तेच, फक्त त्यात जम्बो जेट उभी.

त्यांतली दोन आपल्या कामाची. एक डच कंपनी केएलएमचं ४८०५, अ‍ॅमस्टरडॅमहून आलेलं. दुसरं अमेरिकी कंपनी पॅन अ‍ॅमचं १७३६, लॉस एंजलिसहून न्यूयॉर्कमार्गे आलेलं. दोन्ही बोइंग ७४७. केएलएमचे कॅप्टन याकोप फेल्डहाउझेन फान झांटेन हे कंपनीचे ७४७ चे मुख्य प्रशिक्षक होते. कंपनीच्या जाहिरातींत त्यांचा फोटो असायचा. त्यांच्या शेजारच्या सहवैमानिकाची ७४७ ची परीक्षा त्यांनीच सुमारे दोन महिन्यांपूर्वी घेतलेली. आपला परीक्षक शेजारी बसलेला असताना माणूस किती बोलतो, हे कुठल्याही कार्यालयात काम केलेल्याला सांगायला नको.

लास पाल्मास पुन्हा उघडलं. विमानांच्या गर्दीने टॅक्सीवे, म्हणजे धावपट्टीकडे जायचे रस्ते, अडलेले असल्यामुळे दोन्ही विमानांना धावपट्टीवरूनच उलट्या दिशेने चालत टोकाकडे जायला सांगण्यात आलं. केएलएमने टोकाला जाऊन वळून उभं राहायचं, मागून येणाऱ्या पॅन अ‍ॅमने मधल्या तिसऱ्या रस्त्याने बाहेर पडायचं. पॅन अ‍ॅमचा तो तिसरा रस्ता चुकला आणि ते धुक्यात पुढे चालत राहिलं. मनोऱ्याला दोघांपैकी कुणीच दिसत नव्हतं, आणि दोघांना एकमेक दिसत नव्हते. सगळा मामला एकाच रेडिओ फ्रीक्वेन्सीवर, कानांनी चाललेला.

वळून झाल्याबरोबर फान झांटेन यांनी थ्रॉटल, म्हणजे इंजिनांचा जोर वाढवणारे दांडे, पुढे सारायला सुरुवात केली. सहवैमानिक म्हणाला, थांबा, अजून एटीसी क्लिअरन्स, म्हणजे नियंत्रकांची परवानगी, मिळालेला नाही. कॅप्टनचं उत्तर: माहीत आहे, विचार. मग सहवैमानिकाने मनोऱ्याला कळवलं की आम्ही ‘रेडी फॉर टेक-ऑफ’ आहोत आणि क्लिअरन्सची वाट बघतोय.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायची. विमानाला परवानग्या दोन लागतात. एक मार्गाची: उडाल्यावर कुठे वळायचं, किती उंची गाठायची. दुसरी प्रत्यक्ष सुटायची. मनोऱ्याने दिली ती पहिली. पण ती देताना वाक्यात दोन शब्द आले. सुरुवातीला ‘यू आर क्लिअर्ड’, आणि पुढे ‘राइट टर्न आफ्टर टेक-ऑफ’, म्हणजे उडाल्यावर उजवीकडे वळा. व्याकरणाने पाहिलं तर काहीच चुकलेलं नाही. पण ज्याला घाई आहे आणि ज्याचे कान ‘क्लिअर्ड’ आणि ‘टेक-ऑफ’ या दोनच शब्दांवर लागले आहेत, त्याला ते दोन्ही शब्द मिळाले. मधले बाकीचे शब्द हवेत.

घाईला कारणही होतं. नेदरलँड्समध्ये वैमानिकांच्या ड्युटीच्या तासांचे नियम नुकतेच कडक झाले होते आणि ते मोडणं कॅप्टनच्या अंगाशी आलं असतं. आणखी उशीर झाला तर सगळ्यांना बेटावरच मुक्काम. शिवाय फान झांटेन अलीकडे बराच काळ सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, शिकवत होते. तिथे मनोऱ्याची भूमिकाही प्रशिक्षकच करतो, परवानगी स्वतःच स्वतःला द्यायची.

सहवैमानिक मार्गाचा क्लिअरन्स परत वाचून दाखवू लागला. त्याचं वाचन चालू असतानाच कॅप्टनने ब्रेक सोडले आणि डच भाषेत म्हटलं, ‘वे खान’, चाललो आपण. विमान हललं. सहवैमानिकाच्या तोंडात अजून आकडे होते. ते संपवता संपवता त्याने घाईघाईने एक वाक्य जोडलं, आणि सगळं प्रकरण या एका वाक्याचं आहे:

‘वी आर नाऊ अ‍ॅट टेक-ऑफ.’

काहींना ध्वनिफितीत ‘वी आर नाऊ, अं, टेकिंग ऑफ’ असंही ऐकू आलं. मी वर्गात दोन्ही वाक्यं फळ्यावर लिहितो आणि विचारतो, विमान कुठे आहे? दुसऱ्याबद्दल वाद होत नाही, विमान धावतंय. पहिल्यावर मात्र वर्गाचे दोन तट पडतात. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, ‘साहेब लंचला आहेत’सारखं आहे हे. जेवतायत, की जायला उठलेत, की हात धुवून टेबलाशी बसलेत, कळत नाही.” इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं.

आता जरा बारकाईने. क्रियापद म्हणून ‘टेक ऑफ’ दोन सुटे शब्द, उच्चारात जोर ‘ऑफ’वर. नाम म्हणून ‘टेक-ऑफ’ एकच शब्द, जोर ‘टेक’वर. कागदावर मधली छोटी आडवी रेघ हा फरक दाखवते. रेडिओवर रेघ ऐकू येत नाही, आणि खरखरीत जोरही विरघळतो. त्यातून या नामाआधी ‘अ‍ॅट’ आलं. इंग्रजीत ‘अ‍ॅट द डोअर’ म्हणजे दारापाशी उभा, पण ‘अ‍ॅट वर्क’ म्हणजे कामात गुंतलेला. एकच ‘अ‍ॅट’ कधी जागा सांगतं, कधी चालू असलेली क्रिया. ‘अ‍ॅट टेक-ऑफ’ असा प्रयोग विमानांच्या ठरलेल्या बोलीत नव्हताच, त्यामुळे ऐकणाऱ्याने तो आपल्या परीने लावून घेतला. नियंत्रकाने नंतर सांगितलं की त्याला ते ‘टेक-ऑफच्या जागी उभे आहोत’ असं वाटलं. म्हणजे फलाटाला गाडी लागली आहे, सुटायची आहे.

सहवैमानिकाच्या मनात काय असावं? भाषेच्या अभ्यासकांनी यावर एक तर्क दिला आहे. डच भाषेत चालू क्रिया सांगायला ‘आन हेत’ अशी जोडी क्रियापदाआधी येते. तिचं शब्दशः इंग्रजी केलं तर ‘अ‍ॅट द’ होतं. म्हणजे ‘उडतो आहोत’ हे मनात डचमध्ये उमटलं, तोंडातून इंग्रजीत आलं, पण मधला सांगाडा डचच राहिला. मला हा तर्क पटतो, कारण मी रोज हेच बघतो. ‘माय हेड इज पेनिंग’ म्हणणाऱ्या मुलाला हेडही येतं, पेनही येतं. वाक्याची बैठक तेवढी मराठी असते. आणि गडबडीत, पोटात गोळा आलेला असताना, माणूस आईच्या भाषेच्या सांगाड्यावरच टेकतो. पण मेलेल्या माणसाच्या मनात काय होतं ते शपथेवर सांगता येत नाही, आणि ध्वनिफीत दोन्ही बाजूंनी ऐकू येते. म्हणून मी त्याला तर्कच म्हणतो.

नियंत्रकाने त्यावर काय उत्तर दिलं? ‘ओके.’

आपल्याकडे फोनवर समोरच्याचं ऐकताना आपण ‘हं, हो, बरं’ करत असतो. त्यात संमती किती असते? काकू अर्धा तास ‘हो, हो’ म्हणतात आणि शेवटी ‘पण आमचं नाही जमणार’ म्हणून फोन ठेवतात. त्यांचं ‘हो’ म्हणजे ‘ऐकतेय’. नियंत्रकाचं ‘ओके’ तसंच होतं. क्षणभर थांबून तो पुढे म्हणाला, ‘स्टँड बाय फॉर टेक-ऑफ, आय विल कॉल यू’, म्हणजे तयार राहा, मी सांगेन. नेमकं तेव्हाच पॅन अ‍ॅमच्या सहवैमानिकाने, रॉबर्ट ब्रॅग यांनी, घाबरून सांगितलं की आम्ही अजून धावपट्टीवरून चालतोय. दोघे एकाच वेळी एकाच फ्रीक्वेन्सीवर बोलले की रेडिओ दोघांनाही खातो आणि कर्कश शिट्टी वाजते. केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’ स्वच्छ पोचलं. त्यापुढे जवळपास चार सेकंद शिट्टी.

अजून एक संधी होती. मनोऱ्याने पॅन अ‍ॅमला, धावपट्टी सोडलीत की कळवा, असं सांगितलं, आणि पॅन अ‍ॅमने, सोडली की कळवतो, असं उत्तर दिलं. हे केएलएममध्ये ऐकू आलं. कॅप्टन आणि सहवैमानिक वेग वाढवण्यात गुंतले होते. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनीअरचे कान मात्र उघडे होते. त्याने डचमध्ये विचारलं, ‘इज हेइ एर नीत अफ, दान?’ म्हणजे, तो बाजूला झालेला नाही का मग?

यातला ‘अफ’ पाहिलात? डच ‘अफ’ आणि इंग्रजी ‘ऑफ’ ही एकाच घरातली भावंडं, मूळ एकच: एखाद्या गोष्टीपासून सुटं होणं, वेगळं होणं. अंगापासून बूट सुटतो, कामापासून दिवस सुटतो, जमिनीपासून विमान सुटतं. आपलं ‘सुटणं’ अगदी याच गावचं आहे: गाठ सुटते, शाळा सुटते, गाडी सुटते. त्या धावपट्टीवर त्या क्षणी दोन ‘ऑफ’ एकमेकांसमोर होते. एक विमान जमिनीपासून सुटू पाहत होतं, दुसरं धावपट्टीपासून अजून सुटलं नव्हतं. इंजिनीअरने नेमकं तेच विचारलं होतं.

कॅप्टनने ठासून उत्तर दिलं, ‘यावेल.’ झालाय की. इंजिनीअर पुढे काही बोलला नाही.

पॅन अ‍ॅमला धुक्यातून येणारे दिवे दिसले तेव्हा कॅप्टन व्हिक्टर ग्रब्स यांनी विमान डावीकडे धावपट्टीबाहेर काढायचा जिवाच्या आकांताने प्रयत्न केला. फान झांटेन यांनी नाक इतकं उचललं की शेपटी जमिनीला घासली. विमान उडालं, पण पुरेसं नाही. केएलएममधले २४८ जण सगळे गेले. पॅन अ‍ॅममधल्या ३९६ पैकी ३३५ गेले, ६१ वाचले; ग्रब्स आणि ब्रॅग वाचलेल्यांत होते. ‘अ‍ॅट टेक-ऑफ’ या शब्दांपासून धडकेपर्यंत अर्धं मिनिट, फार तर थोडं जास्त.

चौकशीत दोन बाजू झाल्या. स्पॅनिश अहवालाने मूळ कारण कॅप्टनवर ठेवलं: परवानगीशिवाय निघाले, ‘स्टँड बाय’ पाळलं नाही, पॅन अ‍ॅम धावपट्टीवर आहे हे ऐकूनही थांबले नाहीत, आणि इंजिनीअरच्या शंकेला ठामपणे चुकीचं उत्तर दिलं. डच बाजूचं म्हणणं की हा दोघांचाही गैरसमज होता. मनोऱ्याची भाषाही तितकीच मोघम. नुकसानभरपाईची जबाबदारी अखेर केएलएमने घेतली. माझं मत विचाराल तर स्पॅनिश अहवाल दोषाबद्दल बरोबर आहे आणि डच टिपण भाषेबद्दल. घाई नसती, धुकं नसतं, इंजिनीअरला पुन्हा विचारायची हिंमत झाली असती, तर त्या मोघम वाक्याने कुणाचंही वाकडं झालं नसतं. अशी वाक्यं रोज शेकड्यांनी बोलली जात असणार. पण भाषेच्या माणसाला दुरुस्त करता येते ती भाषाच. कॉकपिटमधली उतरंड मोडायचं काम दुसऱ्यांनी केलं: कनिष्ठाने बोलायचं आणि वरिष्ठाने ऐकायचं याचं रीतसर प्रशिक्षण पुढच्या काही वर्षांत विमान कंपन्यांत सुरू झालं.

दुरुस्ती कशी झाली, हा माझ्या तासाचा खरा विषय. वैमानिकांना चांगलं इंग्रजी शिकवा, हा उपाय इथे अपुरा पडला असता. आपल्याकडे १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची हवेत टक्कर होऊन ३४९ माणसं गेली. तिथे कझाक विमान नेमून दिलेल्या १५,००० फुटांच्या खाली उतरलं होतं आणि वैमानिकांचं तोकडं इंग्रजी हे एक कारण निघालं. तसल्या प्रकरणाला इंग्रजीची परीक्षा हा उपाय लागू पडतो. टेनेरिफेत इंग्रजी तोकडं नव्हतं. शब्द ओळखीचाच होता, आणि फार ओळखीचा असल्यामुळे प्रत्येकाने तो न तपासता गिळला.

म्हणून केलं काय, तर तो शब्द काढून घेतला. आता ‘टेक-ऑफ’ हा शब्द रेडिओवर दोनच प्रसंगी उच्चारायचा: मनोरा सुटायची परवानगी देतो तेव्हा, आणि दिलेली परवानगी रद्द करतो तेव्हा. वैमानिकाने परत वाचून दाखवायचा तोही तेवढाच. बाकी सगळीकडे ‘डिपार्चर’. तयार असलात तर ‘रेडी फॉर डिपार्चर’. उडाल्यावर उजवीकडे वळायचं असेल तर ‘आफ्टर डिपार्चर’. धावपट्टीवर जाऊन उभं राहायचं असेल तर ‘लाइन अप अँड वेट’. नुसतं ‘ओके’ किंवा ‘रॉजर’ (निरोप पोचला) म्हणून परवानगीचं उत्तर भागत नाही, मिळालेली परवानगी शब्दशः परत म्हणून दाखवावी लागते.

वर्गात याचं उदाहरण मी एसटीचं देतो. कंडक्टर दिवसभर ‘चला, चला, पुढे सरका’ ओरडत असतो. ‘चला’ ऐकून ड्रायव्हरने गिअर टाकला असता तर निम्मे प्रवासी फलाटावर लोंबकळले असते. म्हणून ड्रायव्हरसाठी वेगळी घंटा. एक टोला थांब, दोन टोले नीघ. ‘चला’ प्रवाशांचा, डबल बेल ड्रायव्हरची, आणि दोन्हींची सरमिसळ होत नाही. लॉस रोदेओसला त्या दिवशी सगळा कारभार ‘चला’वर होता.

तासाच्या शेवटी कुणी ना कुणी विचारतंच, मग सर, विमान परवानगी घेऊन धावायला लागलं आणि समोर काही आलं, तर मनोरा काय म्हणतो? ‘कॅन्सल टेक-ऑफ’?

ते उभ्या असलेल्या विमानासाठी. धावत्या विमानाच्या बाबतीत तो शब्द तिथेही वापरत नाहीत. विमानाचं नाव घेऊन ‘स्टॉप इमिजिएटली’ म्हणतात, आणि नाव घेऊन पुन्हा एकदा तेच.